बत्तीस इंच दोन सूत

खडेबाजारातल्या भंगारवाल्याकडून उचलून
पुण्याचा माणूस सरळ माझ्या दुकानात आला.
मी वडगावात पंपाच्या मोटारी भरून देते. गिटारी नाही.
"आवाज नंतर बघू," म्हणाला,
"आधी ही कोण आहे ते कळू दे."

चार जाड तारा. लांब मान.
कपाळावर नाव नाही, नंबर नाही,
दोन स्क्रूंची भोकं तेवढी, कधीतरी पाटी होती तिथं.
मिरजेत एकानं हिला जपानी ठरवलं होतं,
मडगावात इटालियन,
आणि कुणी नुसता फोटो बघून म्हणालं, जर्मन, साठाच्या आतली.
ज्यानं त्यानं न पाहिलेल्या गावाशी
हिची सोयरीक जमवून दिलेली.

मी वास घेतला.
बुडाशी नखानं पॉलिश खरवडलं,
खालून पिवळं धमक.
फणस बघा, म्हटलं. खानापूरच्या वखारीतला.
जपानातून कशाला येतोय?

मग एकेक दिसत गेलं.
बटणं जुन्या रेडिओची, एकीवर 'मीडियम' अजून वाचता येतं.
बाराव्या पडद्यावरचे दोन ठिपके शिंपल्याचे नाहीत,
सदऱ्याच्या गुंड्या,
एक चार भोकांची, एक दोन.
घोडीचं पितळ समईच्या बुडाचं,
त्यावर टाकीनं कोरलेलं अर्धं नाव:
'...बाई यांजकडून भेट'.

वरच्या हाडापासून घोडीपर्यंत टेप धरला.
बत्तीस इंच दोन सूत.
"हे माप कुठल्याच कंपनीचं नाही," तो म्हणाला.
कंपनी सुतात मोजत नाही, म्हटलं, सुतार मोजतो.
कोष्टीही मोजतो आमच्याकडं,
पण त्याचं सूत वेगळं.

मागचं झाकण काढलं.
आत पेन्सिलीनं आकडे, कन्नडातले.
त्याखाली मराठीत:
'मान पातळ ठेवली. इनासचा अंगठा आखूड.'
आणि सही. बाळाप्पा.
पुढं कन्नडात बडिगेर,
त्याच्यापुढं मराठीत सुतार,
कुणीतरी दोनदा विचारल्यासारखं.

पुण्याचा माणूस उभाच राहिला.
"सापडला!"
वही काढली, नाव उतरवून घेतलं,
दोन्ही आडनावांपैकी कुठलं ठेवायचं
यावर थोडा अडला.

मी तोवर तारांखालचं काळं खोकं उघडलं होतं.
मेण. मेणाखाली तांब्याची तार, केसाहून बारीक,
हजारो वेढे, एकही दुसऱ्यावर चढलेला नाही.
आणि तार संपते तिथं
लाल सुताची विणकरी गाठ,
शेपूट डावीकडं,
तिच्याखाली अडीच वेढे.

अडीच.
तीन का नाही, मी विचारायची
बारा वर्षांची असताना, याच फळीवर बसून.
तिसरा वेढा मोटार आपला आपण घेते, म्हणायचा परशराम.
माझा बाप. माग विकून मोटारीत आलेला.
घरात कधी रेडिओ लावला नाही त्यानं.
लग्नात ऑर्केस्ट्रा असला
की पंगत सोडून स्पीकरच्या मागं जाऊन उभा राहायचा,
खोक्यावर तळहात टेकवून.
त्याला ऐकू कमी येतं, आई सांगायची पाहुण्यांना.
आम्हालाही तेच खरं वाटायचं.

"ओळखीचं काही?" वहीतून मान वर करत त्यानं विचारलं.

मी मीटर लावला.
काटा हलला, साडेसहा हजारांवर थांबला.
तार जिवंत आहे, म्हटलं. धागा तेवढा कुजलाय.
दोनशे होतील.

डब्यातून लाल सूत काढलं.
एक.
दोन.
आणि अर्धा.
"पूर्ण करा की," तो म्हणाला.
मी गाठ मारली, शेपूट डावीकडं,
आणि मेण तापायला ठेवलं.